स्मिता आठल्ये आणि बाटलीतली हवा

स्मिता आठल्ये घरातून दोनदा निघते, असं तिचा नवरा यशोधन म्हणायचा. एकदा सगळ्यांबरोबर निघते, आणि मग परत वर जाऊन गॅस बंद आहे ना ते पाहून एकटी निघते. चारचौघांत तो हे सांगायचा तेव्हा तीही हसायची. जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावरच्या केमिकल प्लँटमध्ये इंजिनीअर असलेल्या बाईने गॅस दोनदा पाहिला, तर त्यात वावगं ते काय?

तिचं काम सांगायला सोपं होतं. प्लँटमधला एखादा पंप दुरुस्तीला काढायचा म्हटलं, की तो आधी रिकामा करतात, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून त्यांना कुलपं घालतात आणि आतला दाब उतरवतात. हे सगळं झालंय ना, ते स्मिता स्वतः जाऊन बघायची आणि परमिटवर सही करायची. मग फिटर पुढे होऊन नटाला पाना लावायचा. तिची सही म्हणजे त्या फिटरला दिलेला शब्द होता: उघड, आत काही नाही. कितीतरी वर्षं ती असे शब्द देत आली होती आणि ते सगळे खरे निघाले होते.

मार्चमध्ये एक खोटा निघाला.

पंपावरचा गेज शून्य दाखवत होता. तो शून्यच दाखवणार होता, कारण त्याच्या नळीत गाळ बसला होता आणि आतला दाब त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. मुरुगन नावाच्या फिटरने पहिला नट सैल केला आणि झाकणाच्या फटीतून गरम पाण्याचा फवारा उडाला. मुरुगन जुना माणूस. फटीसमोर कधी उभं राहायचं नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्याची एक बाही भिजली, एवढंच. बाही पिळत तो हसून म्हणाला, "मॅडम, फ्री बाथ!"

रीतसर चौकशी झाली. दोष गेजचा, सही करणारीचा नाही, असं ठरलं. त्या पंपात पाण्याऐवजी दुसरं काही असतं तर काय झालं असतं, हे चौकशीत कुणी विचारलं नाही. स्मिता ते स्वतःला रोज विचारत राहिली.

तेव्हापासून तिची सही अडखळायला लागली. एका परमिटसाठी ती पुन्हा पुन्हा पंपापाशी जाऊन यायची. कुलूप ओढून बघायची, ऑफिसात यायची, पेन उघडायची आणि परत निघायची. फिटर मंडळी कव्हरॉल घालून उन्हात ताटकळत असायची. कुणी काही बोलायचं नाही, आणि तेच तिला जास्त लागायचं. मेच्या अखेरीला एका सकाळी तिने परमिटकडे बराच वेळ पाहिलं, पेन मिटलं, आणि डोकं दुखतंय असं सांगून घरी आली.

तिचा मॅनेजर केल्विन टॅन हा भला गृहस्थ. त्याने रजा दिली आणि एक पर्यायही दिला. ऑफिसात कागदपत्रं सांभाळणारी एक जागा रिकामी होत होती. पगार तोच, पाइप नाहीत, परमिट नाहीत.

"टेक युवर टाइम लाह," तो म्हणाला. "पण पुढच्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मला नक्की सांग. ऑफिस की प्लँट."

जागा वाईट नव्हती. पण स्मिताला पाइप आवडायचे, त्याला काय करणार? सांगलीला इंजिनीअरिंगला असताना साखर कारखाना बघायला वर्ग गेला, तेव्हा बाकीचे साखरेच्या पोत्यांभोवती घुटमळत होते आणि ही बॉयलरवाल्याला प्रश्न विचारून बेजार करत होती. आता एकदा टेबलापाशी बसलो, की प्लँटमध्ये पुन्हा पाऊल पडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भीतीला एकदा बसायला खुर्ची दिली की ती उठायचं नाव घेत नाही.

यशोधनला हे सगळं माहीत होतं. तो बुओना व्हिस्टाला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तू काय वाटेल ते ठरव, मी आहे, असं म्हणून तो गप्प बसला होता, आणि त्याला गप्प बसणं किती जड जातं हे स्मिताला दिसत होतं. त्यांच्या मुलीला, तन्वीला, आईला बरं नाही एवढंच सांगितलेलं. मैत्रिणीला, जयवंतीला, तर काहीच सांगितलं नव्हतं. जयवंतीला सांगणं म्हणजे मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणंच. तिचा नवरा निशिकांत मालवाहू बोटीवर चीफ इंजिनीअर. तो समुद्रावर असला की वेळ घालवायला जयवंती इतरांचे संसार सांभाळायची. सहल, हळदीकुंकू, नव्याने आलेल्यांना फ्लॅट शोधून देणं, सगळं तिच्याकडे.

त्या सोमवारच्या आधीच्या आठवड्यात तिचाच फोन आला.

"स्मिता, रजेवर आहेस म्हणे. बरं झालं. रविवारच्या सहलीला पोरांसाठी रॉकेट उडवायचंय."

"रॉकेट?"

"अगं, खरं नव्हे. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं. आत थोडं पाणी घालायचं, वरून हवा भरायची, सोडलं की जातं वर. निशिकांत करणार होता. त्याला कंपनीने ऐन वेळी बोटीवर धाडलं. मी पोरांना कबूल करून बसलेय. आता नाही म्हटलं तर पोरं मलाच बाटलीत कोंबून उडवतील."

"जयवंती, मी नको गं. दाबाचं काम आहे ते. फुटलं-बिटलं तर..."

"म्हणून तर तुला सांगतेय ना! आपल्या ग्रुपमधल्या विश्वासला सांगितलं तर तो रॉकेटवर तासभर भाषण देईल, उडवणार काही नाही. तू रोज दाबाचंच काम करतेस ना? का नुसतं हेल्मेट घालून फोटो काढतेस?"

फोन स्पीकरवर होता आणि तन्वी डायनिंग टेबलापाशी गृहपाठ करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आई, से येस लाह."

"ऐकलं मी!" पलीकडून जयवंती ओरडली. "ठरलं!" आणि फोन बंद.

काम हातात घेतल्यावर मात्र स्मिताला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. टेबलावर वर्तमानपत्रं पसरून मायलेकी बसल्या. सोड्यासारख्या फसफसणाऱ्या पेयाची बाटली घ्यायची, साध्या पाण्याची नाही, हे तिने तन्वीला सांगितलं. फसफसणारं पेय आतून सतत रेटत असतं, म्हणून ती बाटली मुळातच दणकट बनवलेली असते. जुन्या प्लास्टिकच्या फाइली कापून तीन पंख केले. टोकाला अर्धा टेनिसचा चेंडू बसवला आणि त्यात खेळायच्या मातीचा गोळा भरला.

"टोक जड का?" तन्वीने विचारलं.

"बाणाचं असतं तसं. टोक जड आणि शेपटीला पंख. नाहीतर वर जाऊन गिरक्या घेत बसेल, आपल्या विश्वासकाकांसारखं. मुद्द्यावर येणार नाही."

तन्वी खिदळली. आईने केलेला विनोद तिने बऱ्याच दिवसांनी ऐकला होता.

रॉकेट उभं करायच्या स्टँडसाठी पाइप हवा होता. क्लेमेंटीला त्यांच्या इमारतीखालच्या हार्डवेअरच्या दुकानात स्मिताने हव्या त्या मापाचे तुकडे मागितले, तेव्हा म्हाताऱ्या अंकलने विचारलं, "आँटी, टॉयलेट चोक आह?"

"नो अंकल. रॉकेट."

अंकलने तिच्याकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं, आणि तुकडे कापून दिले. रोज दोन-चार बायका रॉकेटसाठी येतात असा त्याचा चेहरा होता.

स्टँड तयार झाला. उलटी बाटली पाइपावर घट्ट बसायची. तिचा गळा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी धरलेला आणि पट्ट्यांवर एक कडं. दोरी ओढली की कडं खाली सरकायचं, पट्ट्या उघडायच्या आणि बाटली मोकळी. हवा भरायला स्टँडपासून लांब नळी काढून तिच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे पंप मारणारा माणूस रॉकेटपासून दूर राहील. दोरीही तितकीच लांब.

मग तिने प्लँटमधल्या रीतीप्रमाणे बाटलीची परीक्षा घेतली. बाथरूममध्ये बाटली काठोकाठ पाण्याने भरली आणि मग दाब दिला. पाण्याने भरलेलं भांडं फुटलं तर नुसतं तडकतं, हवेने भरलेलं फुटलं तर उडतं. म्हणून परीक्षा नेहमी पाण्याने. यशोधन दाराबाहेर फोन घेऊन उभा होता.

"काही झालं तर कुणाला फोन करू? फायर ब्रिगेडला की नासाला?"

"तू आधी आत डोकावू नकोस!"

बाटली शंभर पौंडांच्या दाबापर्यंत टिकली. मैदानावर पन्नासच भरायचा, असं स्मिताने ठरवलं. हवा भरायच्या पंपाला स्वतःचा गेज होता. पण गेजवर विसंबून राहायचे दिवस तिच्यापुरते मार्चमध्येच संपले होते. तिने टायरची हवा बघायचा, पेनाएवढा एक वेगळा गेज विकत आणला आणि पर्समध्ये टाकला.

रविवारी सकाळी वेस्ट कोस्ट पार्कच्या मैदानावर मंडळी जमली. पलीकडे समुद्रात बोटी नांगरून उभ्या होत्या. सतरंज्या पसरल्या गेल्या, पुलावाची पातेली आली, विश्वासने हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवरून करंजीसारख्या करी पफचा डबाच उचलून आणला होता. विश्वास हार्बरफ्रंटला शिपिंगच्या ऑफिसात होता आणि त्याला प्रत्येक विषयावर मत होतं. रॉकेटच्या परवानगीचं काय, असं त्याने विचारलं, तेव्हा जयवंतीने त्याला परवानगीचा ईमेल मोठ्याने वाचून दाखवला, अगदी खालच्या सहीसकट.

स्मिताने स्टँड मैदानाच्या मधोमध रोवला. गवतावर एक दोरी आडवी टाकून मुलांना तिच्यामागे उभं केलं. वारा बघितला. यशोधनने पंप मारायला घेतला आणि पंपाचा काटा पन्नासवर आला.

"थांब," स्मिता म्हणाली. तिने पंपाची नळी काढली आणि पर्समधला गेज व्हॉल्व्हवर टेकवला. फुस्स. अठ्ठेचाळीस. मघाशी पन्नास, आता अठ्ठेचाळीस. तिने पुन्हा टेकवला. फुस्स. सेहेचाळीस. कुठेतरी गळतंय, तिच्या मनात आलं. तिने यशोधनला पुन्हा पंप लावायला सांगितला, पुन्हा काढला, पुन्हा पाहिलं. स्टँडपाशी जाऊन कडं चाचपलं. परत आली, गेज टेकवला.

मुलांनी दहापासून उलटे आकडे मोजायला सुरुवात केली होती. शून्य आलं तेव्हा तिचा हात वर होता. "थांबा, थांबा!" त्यांनी पुन्हा दहापासून सुरू केलं. पुन्हा हात वर.

"वहिनी," विश्वास करी पफ खात खात जवळ येऊन म्हणाला, "हे रॉकेट आहे की कोर्टातली केस? किती तारखा देताय?"

सगळे हसले. स्मिताने आणखी एकदा गेज टेकवला, आणि अखेर दोरी ओढली.

रॉकेट उठलं. विश्वासच्या पोटाएवढं उंच गेलं, तिथे विचार बदलल्यासारखं आडवं झालं, आणि आतलं सगळं पाणी विश्वासच्या बुटांवर ओतून गवतात पडलं.

पोरांना हे इतकं आवडलं की ती लोळून हसायला लागली. तन्वी हसली नाही. "आई, सो पाइसे," ती कानापाशी येऊन पुटपुटली. लाजेने तिचा चेहरा लाल झाला होता.

दुसऱ्या वेळी स्मिताने आणखी काळजी घेतली, म्हणजे आणखी जास्त वेळा पाहिलं. रॉकेट स्टँडवरून सुटलंच नाही. नुसतं पाणी खाली गळालं.

जयवंतीने मुलांना करी पफच्या डब्याकडे पिटाळलं आणि स्मिताला बाजूला घेतलं.

"काय गं? किती वेळा बघतेस ते? काय झालंय?"

मग स्मिताने सांगितलं. मार्चमधला पंप, मुरुगनची बाही, न झालेली सही, उद्याचा सोमवार. जयवंतीने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. असं स्मिताने तिला कधी पाहिलं नव्हतं.

"एवढंच?" शेवटी जयवंती म्हणाली. "मला वाटलं यशोधनशी भांडलीस." आणि तिने स्मिताचा हात घट्ट धरून ठेवला. "हे बघ, मी पोरांना सांगते वारं फार आहे म्हणून. लिंबू-चमचा लावू. तू सतरंजीवर बस, खा-पी. ग्रुपवर एक अक्षर येणार नाही, आईशप्पथ."

स्मिताला ते मोहाचं वाटलं. सतरंजी सावलीत होती. कुणाला काही वाटलं नसतं, संध्याकाळपर्यंत सगळे रॉकेट विसरले असते. आणि उद्या केल्विनला काय सांगायचं तेही सोपं झालं असतं. ती निघालीसुद्धा. पण स्टँडकडे बघून पुन्हा थांबली.

"गळतंय कुठून ते एकदा बघू दे गं," ती म्हणाली. "ते कळल्याशिवाय मला घास जायचा नाही."

भांडी घासायचा साबण तिने पेल्यात कालवला. प्लँटमध्ये गळती अशीच शोधतात: सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं, जिथून हवा येत असेल तिथे बुडबुडा धरतो. तिने बाटलीत पुन्हा पाणी घातलं, यशोधनकडून हवा भरून घेतली आणि पंप काढला. या वेळी पन्नास नाही, पस्तीसच, कारण आता ती जवळ जाणार होती. तरी डोळ्यांवर प्लँटचा चष्मा चढवला. एकेका सांध्याला साबण लावला. बाटलीच्या गळ्याला बुडबुडा नाही. पाइपाच्या जोडांना नाही. नळीला नाही. व्हॉल्व्हवर साबण जसाच्या तसा शांत.

गळती कुठेच नव्हती.

मग सवयीने तिने पर्समधला गेज काढला आणि व्हॉल्व्हवर टेकवला. फुस्स! साबणाचा फेस उडून तिच्या चष्म्यावर आला.

स्मिताने गेज काढला. व्हॉल्व्ह पुन्हा शांत. परत टेकवला. फुस्स, आणि आकडा आणखी दोनाने खाली.

प्लँटमधली टाकी एवढी अवाढव्य, की बघताना चार घोट हवा गेली काय आणि राहिली काय. इथे आख्खी बाटलीच दीड लिटरची. दर वेळी बघताना थोडी हवा तीच सोडून देत होती, आणि आकडा कमी आला म्हणून धास्तावून पुन्हा बघत होती. जितकं बघावं तितकं कमी, जितकं कमी तितकं बघावं.

तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोठ्याने. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. यशोधन पंप टाकून धावत आला.

"काय झालं?"

"काही नाही रे. चोर घरातलाच आहे."

तिने त्याला दाखवलं. त्यालाही हसू आलं. पण तो हसला नाही, नुसता तिच्या शेजारी गवतात बसला. एवढी समज त्याला लग्नाच्या इतक्या वर्षांत आली होती.

आता प्रश्न असा, की बघायचंच नाही तर भरवसा कशावर ठेवायचा? डोळे मिटून उडवणं स्मिताला जमणार नव्हतं, आणि जमू नये हेही खरं. तिने जरा विचार केला. मग अगदी थोडीच हवा भरून घेतली, पंपाचा काटा पाहिला आणि स्वतःचा गेज टेकवला. दोन्ही जुळले. आणखी थोडी भरून पुन्हा पाहिलं. जुळले. म्हणजे पंपाचा काटा जागा होता. हवा वाढली की वाढत होता, कमी झाली की उतरत होता. जे बघायचं ते इथे, सुरुवातीला. यापुढे पंपाच्या काट्याने पन्नास म्हटलं की पन्नास.

ती जयवंतीकडे गेली आणि पेनाएवढा गेज तिच्या हातात ठेवला.

"हे तुझ्या पर्समध्ये ठेव. मी मागितला तरी द्यायचा नाही."

"पाया पडलीस तरी?"

"तरीही."

जयवंतीने गेज पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि पर्स काखेत मारली.

मुलं पुन्हा दोरीमागे आली. या खेपेला त्यांना फारशी आशा नव्हती. विश्वास बूट काढून, सुरक्षित अंतर राखून उभा होता. यशोधनने पंप मारला. काटा पन्नासवर आला आणि तिथेच राहिला. स्मिताने दोरी हातात घेतली.

"दहा! नऊ! आठ!"

पाचापर्यंत ती ठीक होती. चारला तिला वाटलं, कडं तिरकं तर बसलं नसेल? तीनला तिचा हात खांद्यावरच्या स्वतःच्या पर्सकडे गेला.

"जयवंती..."

"नाही देणार!"

"दोन! एक!"

स्मिताने दोरी ओढली.

फट्ट असा आवाज झाला, आणि रॉकेट कुठे गेलं ते क्षणभर कुणाला कळलंच नाही. स्टँडवर नुसता पाण्याचा झोत उभा होता. मग तन्वी ओरडली, "देअर!" सगळ्यांच्या माना वर गेल्या. माडांच्या शेंड्यांच्याही वर, उन्हात लखलखत, ते सरळ चढत होतं. वर कुठेतरी ते थांबलं. मग टोक खाली करून शांतपणे निघालं, समुद्रावरच्या वाऱ्याने त्याला अलगद बाजूला सारलं आणि ते मैदानाच्या कडेला, माणसांपासून लांब, नाल्याच्या काठच्या गवतात पडलं.

"शिओक!" तन्वीने आनंदाने उडीच मारली. पोरं रॉकेटमागे सुटली. विश्वास अनवाणी त्यांच्या मागे पळाला.

स्मिता होती तिथेच गवतावर बसली. दोरी अजून तिच्या मुठीत होती. कुणाला काही झालं नव्हतं. मुलं पळत होती, जयवंती कुणावर तरी ओरडत होती, पुलावाचा वास येत होता. छातीवर मार्चपासून ठेवलेलं ओझं कुणीतरी न विचारता उचलून नेलं होतं. आपण किती दिवस अर्धाच श्वास घेत होतो, हे तिला तिथे बसल्यावर कळलं.

नंतर प्रत्येक मुलाच्या हातून एकेकदा रॉकेट उडवून घेतलं. दर वेळी स्मिता बघायचं तेवढं बघायची, एकदाच, आणि बाजूला व्हायची. विश्वासलाही दोरी ओढू दिली. त्याने ओढण्याआधी दोन शब्द बोलायची परवानगी मागितली, ती पोरांनी नाकारली. शेवटच्या खेपेला एक पंख तुटला आणि सगळे जेवायला बसले.

सोमवारी सकाळी ती केल्विनच्या केबिनमध्ये गेली.

"ऑफिस नको," ती म्हणाली. "मी प्लँटमध्येच राहते. पण एक बदल करू या. आपण पंप उघडायच्या आधी काटा शून्यावर आहे एवढंच बघतो. मेलेला काटाही शून्यावरच असतो. दाब उतरवायला सुरुवात करतानाच तिथे उभं राहायचं आणि काटा खाली येताना बघायचा. खाली आला, तर तो जिवंत आहे आणि शून्य खरं आहे. हललाच नाही, तर काम तिथेच थांबवायचं. हे एकदा नीट बघितलं, की मला सतरा वेळा जायला लागणार नाही."

केल्विन खुर्चीत मागे रेलला. हे मार्चच्या चौकशीत कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग तो म्हणाला, "कॅन. कॅन. आजपासून सुरू कर. प्रोसिजरमध्ये मी घालून घेतो."

दुपारी पहिलं परमिट आलं. पंप मुरुगनच उघडणार होता, पण मार्चमधला नव्हे, दुसरा. दाब उतरवायला लागले तेव्हा स्मिता गेजसमोर उभी राहिली. काटा थरथरला, आणि एकेक रेघ सोडत खाली आला, दमलेला माणूस जिना उतरतो तसा. शून्यावर टेकला. तिने सर्वांत खालचा लहान व्हॉल्व्ह स्वतः उघडून पाहिला. दोन थेंब पडले, बाकी काही नाही. कुलपं पाहिली. आणि तिथेच, पंपाच्या पायथ्यापाशी उभं राहून, क्लिपबोर्ड हातावर तोलून सही केली. परमिटवरच्या नावाची रेघ जरा वेडीवाकडी आली, पण ती सही होती.

मुरुगन नेहमीप्रमाणे बाजूला उभा राहिला आणि त्याने नट सैल केला. काही झालं नाही. तो दुसऱ्या नटाकडे वळला, मग तिसऱ्या. स्मिता तिसऱ्या नटापर्यंत थांबली आणि पुढच्या परमिटकडे निघून गेली.

संध्याकाळी सव्वासातला यशोधनचा फोन वाजला; पलीकडे स्मिता होती.

"अगं, कुठे आहेस? काय झालं? केल्विनला काय सांगितलंस?"

"प्लँट," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा आणि झोपाळलेला येत होता. "सांगते सगळं आल्यावर. मला बसमध्ये झोप लागली रे. अशी लागली की आपला स्टॉप कधी गेला कळलंच नाही. ड्रायव्हर अंकलनी शेवटच्या स्टॉपला उठवलं. मी कुठे आहे ते बोर्ड बघून सांगते."

"थांब तिथेच, मी न्यायला येतो."

"नको, येते मी एमआरटीच्या गाडीने. तुम्ही जेवायला बसा." फोनवर एक लांबलचक जांभई ऐकू आली. "आणि माझ्यासाठी भात जरा जास्त ठेवा. भूक लागलीय मला."